रतिबाचे बेचाळीस थांबे

चिमाजी भालेकरानं कारखान्याच्या पेट्रोलवर दुधाचा धंदा केला, असं चिंचवडात अजून कुणी म्हणालं, तर त्याला खुशाल तोंडावर खोटारडा म्हणावं. दूध होतं, हे खरं. फटफटी कारखान्याची होती, हेही खरं. पण दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवून तिसरी धडधडीत खोटी गोष्ट कशी उभी करतात, हे ज्याला शिकायचं असेल त्यानं दौलतरावांच्या शेडमध्ये सत्तावन्न सालच्या दसऱ्याला यायला हवं होतं.

चिमाजी तळवड्याचा. घरी चार म्हशी, आणि बापाच्या वेळेपासून पुण्यात दुधाचा रतीब. लढाईआधी पंधरा-सोळा मैल सायकल हाणत तो रोज पहाटे शनिवार पेठेत जायचा, तिथून नारायण पेठ, मग मंडईमागच्या गल्ल्या. बेचाळीस घरं. कुठल्या दारात कुत्रं आहे, कुठल्या बोळात सायकल वळत नाही, कुठली काकू भांडं आणायला किती वेळ लावते, सगळं तोंडपाठ. मग लढाई आली. पलटणीनं त्याला मोटारसायकलवर बसवलं आणि इटलीत पाठवलं. तिथं दोन वर्षं तो चिखलातून, गाढवांच्या तांड्यांतून आणि पडक्या गावांच्या बोळांतून निरोप पोचवत फिरला. परत आला तेव्हा म्हशी होत्या, रतीब धाकट्या भावानं सांभाळला होता, पण चिमाजीच्या कानात इंजिन बसलं होतं. देहूरोडच्या लष्करी वर्कशॉपात सात-आठ वर्षं काढून तो चिंचवडला दौलतरावांकडे लागला.

दौलतरावांची शेड मुंबई रस्त्याला लागून. परदेशातून सुट्या भागांत खोक्यांतून आलेल्या फटफट्या तिथं जोडायच्या आणि पुण्याच्या पेढीत विकायच्या. जोडायला सहा माणसं, त्यांच्यावर सोपानराव मॅनेजर. जोडलेली गाडी रस्त्यावर नेऊन पारखायचं काम चिमाजीचं. प्रत्येक गाडीचं एक चाचणीपत्रक असे. त्यावर शेरा चिमाजीचा आणि खाली सहीही त्याचीच. अडीच वर्षांत त्यानं पारखलेली एकही गाडी परत आली नव्हती. त्या सहीचा त्याला अभिमान होता. पलटणीच्या रात्रशाळेत तो अक्षर शिकला होता. 'चिमाजी' लिहिताना जीभ दातांत धरायचा, पण लिहायचा ठसठशीत.

त्या वर्षी श्रावणात सात गाड्या आल्या. लालभडक, अंगानं बारीक, हँडल खाली वाकवलेलं, टाकी लांबट. स्पोर्ट गाडी म्हणे! एका माणसानं पुढचं चाक सहज उचलावं इतकी हलकी आणि कान पिळला की उधळणारी. दौलतरावांनी पेढीच्या काचेवर पाटी लावली, 'शहरातल्या गर्दीत वाऱ्यासारखी', आणि सातांपैकी सहा गाड्या दसऱ्याच्या मुहूर्तावर द्यायच्या म्हणून लगेच ठरूनही गेल्या. सातवी चाचणीला वापरायची आणि मग पेढीच्या काचेत ठेवायची.

सोपानरावांनी ती आधी स्वतःच नेली. देहूरोड ओलांडून मोकळ्या रस्त्यानं तळेगावापर्यंत. साठ मैलांचा वेग लावला, केस विस्कटून आले आणि म्हणाले, "लोणी आहे, लोणी!"

"साहेब, गर्दीत कुटं नेलीत?" चिमाजीनं विचारलं.

"साठला जी एवढी सुरेख चालते, ती दहाला चालणार नाही होय?"

चिमाजीला हे पटलं नाही. मोकळ्या रस्त्यावर माणूस क्लचला हात तरी किती वेळा लावतो? शहरात गाडी चालत नाहीच, थांबते. टांग्यासाठी थांबते, बैलगाडीसाठी थांबते, मधेच गप्पा मारत उभ्या राहिलेल्या सायकलवाल्यांसाठी थांबते. म्हणून शहरासाठी गाडी पारखायची तर मैल मोजून उपयोग नाही, थांबे मोजायला हवेत. आणि उगाच ठरवून थांबलं तर मन खोटं बोलतं. माणूस अर्धवट थांबतो, झटका देऊन सुटतो, आणि झाली परीक्षा म्हणतो. खरं थांबायचं तर थांबायला काम हवं, आणि अलगद सुटायचं तर गाडीवर सांडणारं काहीतरी हवं.

त्याच्याकडे दोन्ही होतं. तो कुठलीही शहरी गाडी आपल्या जुन्या रतिबाच्या वाटेवरच पारखायचा. त्या दिवशी भावाला सुट्टी. मागच्या सीटला दोन किटल्या दोरीनं आवळायच्या आणि बेचाळीस दारं करायची. दूध तेच, घरं तीच, पैसे भावाचे. दूध हिंदकळलं तर क्लच झटके देतोय, सांडलं तर गाडीत काहीतरी बिघाड आहे. इतकी साधी आणि इतकी चोख परीक्षा कुठल्या पुस्तकात नव्हती, म्हणून सोपानरावांच्या हिशेबी ती परीक्षाच नव्हती.

एका गुरुवारी तो लाल गाडी घेऊन निघाला. खडकी, वाकडेवाडी करत नव्या पुलावरून शनिवारात शिरला. पहिली वीस घरं गाडी खरोखर लोण्यासारखी चालली. यशोदाबाई पटवर्धन पातेलं घेऊन दारात आल्या, गाडी पाहून म्हणाल्या, "अगोबाई, चिमाजी, लग्नबिग्न करतोस की काय पुन्हा?"

"काकू, ही नवरी अजून बगायचीच चाललीया," चिमाजी म्हणाला आणि माप ओतलं.

पंचविसाव्या घराशी गिअर कुरकुरायला लागला. तिसाव्या घराशी क्लच पूर्ण दाबूनसुद्धा चाक इंजिनापासून सुटेना. इंजिन चाकाला धरून राहिलं आणि गाडी हळूच पुढे ओढायला लागली. चिमाजीनं हात ताठ केला, बोटं पांढरी पडली, पण गाडी ओढतच होती. अशात तो मंडईच्या कोपऱ्याला आला. समोरून गोजाबाई माळीण डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन आडवी आली. चिमाजीनं क्लच दाबला, दोन्ही ब्रेक दाबले, दोन्ही पाय रस्त्यावर घासले. गाडी तरीही पुढे रेटत राहिली आणि गोजाबाईच्या लुगड्याचा काठ पुढच्या चाकाला लागला तेव्हा कुठं इंजिन गुदमरून बंद पडलं.

"मुडद्या, डोळं फुटलं का तुजं?" गोजाबाई कडाडली. "घरात आया-बहिनी न्हाईत व्हय?"

चिमाजीनं हात जोडले. किटलीतलं अर्धं दूध त्याच्या पाठीवरून खाली ओघळत होतं. शिव्यांचं त्याला काही वाटलं नाही. त्याला हादरा बसला तो दुसऱ्याच विचारानं. लढाईत मुरलेल्या माणसाला ही गाडी एवढ्या मुश्किलीनं आवरली, तर काल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोराला कशी आवरणार?

शेडला येऊन त्यानं क्लच उघडला. आतल्या पत्र्याच्या चकत्यांत बुचाचे गोल तुकडे बसवलेले असतात. बाटलीला असतं तसलंच बूच. बोटीच्या दमट हवेत ती बुचं फुगली होती, वारंवार क्लच दाबून तापली की आणखी फुगायची, आणि मग चकत्या एकमेकींना सोडायच्याच नाहीत. चिमाजीनं काचेच्या तुकड्यावर काचकागद ठेवला आणि सगळी बुचं एका पातळीत घासून बारीक केली. सगळं मिळून दीड तासाचं काम. शुक्रवारी पुन्हा तीच वाट, पुन्हा बेचाळीस दारं. बेचाळिसाव्या दारातही गाडी क्लच दाबला की गुमान उभी राहत होती. दुधाचा थेंब सांडला नाही.

त्यानं शेरा लिहिला. 'क्लच तापल्यावर सुटत नाही. गर्दीत धोका. बुचं घासावीत. सर्व गाड्या.' आणि खाली ठसठशीत सही.

एवढं करणाऱ्या माणसाची पाठ थोपटायची की नाही? पण सोपानरावांना तळेगावच्या रस्त्यावर जे दिसलं नाही ते एका गवळ्याला मंडईत दिसलं, हे त्यांना कसं सोसणार? ते पत्रक घेऊन थेट दौलतरावांकडे गेले आणि चिमाजीला आत बोलावलं तेव्हा बुचाचा विषयच निघाला नाही.

"चिमाजी, शनिवार पेठेत तुला दूध घालताना पाहिलं लोकांनी," दौलतराव म्हणाले. गोरे, शांत, कपाळाला गंध. आवाज कधी चढायचा नाही. "कारखान्याची गाडी, कारखान्याचं पेट्रोल. आणि धंदा तुझा."

चिमाजीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अडीच वर्षं तो याच किटल्या बांधून शेडच्या दारातून बाहेर पडत होता. दौलतराव स्वतः दारात उभं राहून हसायचे, 'निघाली का गौळण' म्हणायचे. तेव्हा कुणाला धंदा दिसला नव्हता.

"मालक, दुधाचं सोडा. क्लचचं काय करायचं ते बोला."

"एका गाडीत असेल काही. सातही खराब कशावरून?"

"एकाच मालातल्या, एकाच बोटीतनं आल्यात. मला दोन दिवस द्या, एकटा करतो."

दौलतरावांनी पत्रक बोटानं बाजूला सारलं. "दसऱ्याच्या तोंडावर गाड्या उघडल्या ही बातमी पुण्यात जायला किती वेळ लागतो? लोक म्हणतील, नव्या गाड्या दुरुस्त करून विकतात. तू बाकीच्या सहा गाड्यांची पत्रकं लिही. 'शहरातल्या वापरास योग्य.' सही कर आणि मोकळा हो. दुधाचं मीही विसरतो."

म्हणजे असा सौदा होता! आधी चोर म्हणायचं आणि मग चोरी विसरायची लाच द्यायची.

"माजी सही व्हनार न्हाई," चिमाजी म्हणाला.

"मग माझी होईल," दौलतराव म्हणाले. त्यांनी शांतपणे सहा पत्रकं पुढं ओढली आणि सहाही पत्रकांवर लिहिलं, 'शहरातल्या वापरास योग्य.' ज्या माणसानं आयुष्यात फटफटीच्या मागच्या सीटवरही बूड टेकलं नव्हतं, त्यानं वळणदार सह्या ठोकल्या आणि टीपकागदानं टिपल्या.

घरी गवराबाईनं नवऱ्याचा चेहरा बघितला आणि काही न विचारता ताट वाढलं. मग त्यानंच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अवं, सही न्हाई केली न्हवं? मग जेवा की. पाप त्येंच्या हाताला."

"पाप त्येंच्या हाताला, आन् गाडी कुनाच्या अंगावर?" चिमाजी म्हणाला आणि ताटावरून उठला.

खंडेनवमी आली. शेडमध्ये सकाळीच हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडली. पाने, हातोड्या, पक्कडी, स्क्रू-ड्रायव्हर. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली, नारळ फुटला. आता दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. हत्यारं पूजेला बसली की माणसांनीही बसायचं, हा शेडचाच नाही, साऱ्या पंचक्रोशीचा रिवाज. सहा लाल गाड्या भिंतीशी ओळीनं उभ्या होत्या, हँडलांना हार. तेवढ्यात दौलतरावांचा ड्रायव्हर आला आणि चिमाजीच्या हातात घडी केलेली चिठ्ठी देऊन गेला.

चिमाजीनं ती भिंतीकडे तोंड करून वाचली. 'चिमाजी, शेवटची गाडी आमच्या जावईबापूंना दसऱ्याचा आहेर म्हणून द्यायची आहे. तिचा क्लच तेवढा तू म्हणतोस तसा करून ठेव. काचेतली वापरलेली गाडी मुलीच्या सासरी देता येत नाही. रंभा मागे बसणार आहे. कुणाला बोलू नकोस. दौलतराव.'

रंभा म्हणजे मालकांची एकुलती एक मुलगी.

चिमाजीनं चिठ्ठी दोनदा वाचली. मग तिसऱ्यांदा. म्हणजे यांना सगळं माहीत होतं! बूच फुगतं हे कळत होतं, गाडी गर्दीत ओढते हे कळत होतं, माणूस मरू शकतं हेही कळत होतं. फक्त ते माणूस आपलं असलं तरच कळून घ्यायचं. बाकीच्या पाच गाड्यांवर कुणाच्या लेकी बसणार नव्हत्या काय? आणि गोजाबाई? ती तर कुठल्याच गाडीवर बसणार नव्हती. तिनं नुसता रस्ता ओलांडायचा होता.

त्यानं चिठ्ठी कोटाच्या खिशात घातली, पाटापाशी गेला, हात जोडले आणि कुंकवानं माखलेला पाना उचलला.

"चिमाजी!" सोपानराव ओरडले. "अरे, पूजेतली हत्यारं आहेत ती!"

"म्हाईत हाय," चिमाजी म्हणाला. "देवाला सांगतो मी काय ते."

शेडमधला सगळ्यात म्हातारा फिटर, पुनावळ्याचे उद्धवराव, कपाळाला आठ्या घालून उभे होते. चिमाजीनं चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. उद्धवरावांना वाचता येत होतं. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, शेवटच्या सहीपर्यंत. सोपानराव बाजूला सरले. मग उद्धवरावांनी काचकागद शोधून चिमाजीपुढे ठेवला, हत्याराला मात्र हात लावला नाही. ज्याचा त्याचा धर्म. चिमाजीनं त्यांना दोष दिला नाही.

त्यानं पहिली गाडी घेतली. मग दुसरी. जेवायला उठला नाही. दुपारी चार-साडेचारला दौलतराव जावयाची गाडी न्यायला आले तेव्हा पाच गाड्या पुऱ्या झाल्या होत्या आणि सहावी हारासकट जशीच्या तशी उभी होती. चिमाजी तिच्यासमोर उकिडवा बसून हात पुसत होता.

"ही राहिली?" दौलतरावांनी हळूच विचारलं.

"हिच्या पत्रकावर तुमची सही हाय, मालक. शहरातल्या वापरास योग्य. मालकांच्या सहीवर गड्यानं पाना कसा लावायचा?"

दौलतरावांचा गोरा चेहरा लाल झाला. ते खाली वाकून पुटपुटले, "चिमाजी, हट्ट करू नकोस. माझी मुलगी आहे रे."

"मोट्यानं म्हना. त्या पाचांच्या मालकांना आयकू जात न्हाई, निदान हितल्या मानसांना तरी जाऊ द्या. म्हना, गाड्यांत खोट हुती."

रस्त्यावरून एक मालट्रक गेला, त्याच्या धुरळ्यानं झेंडूचे हार हलले.

"खोट होती," दौलतराव म्हणाले. "सगळ्याच गाड्यांत."

चिमाजी उठला. सहावी गाडी त्यानं दीड तासात पुरी केली, आणि ती बुचं पाचांइतकीच निगुतीनं घासली. जावयाच्या गाडीला कमी नाही आणि जास्तही नाही. मग पाना पुसून पुन्हा पाटावर ठेवला, त्यावर फूल ठेवलं आणि घरी गेला.

दसऱ्याला सहाही गाड्या वाजतगाजत गेल्या. एकादशीला चिमाजीला पत्र मिळालं. टाइप केलेलं. त्यात क्लचचा उल्लेख नव्हता. दुधाचाही नव्हता. 'खंडेनवमीच्या दिवशी पूजेतील हत्यारे उचलून कामगारांच्या धार्मिक भावना दुखावल्याबद्दल कामावरून कमी करण्यात येत आहे.' खाली तीच वळणदार सही. ज्यानं चिठ्ठी लिहून ती हत्यारं उचलायला लावली, त्यानंच ती उचलली म्हणून हाकललं! उद्धवराव मालकांकडे गेले, आमच्या भावना बिवना काही दुखावल्या नाहीत असं चांगलं तासभर सांगून आले. ऐकतो कोण? चिंचवडात मात्र दुधाची गोष्ट पसरली, कारण ती सांगायला सोपी होती.

चिमाजी रतिबाला परतला. चाळिसाव्या वर्षी पुन्हा सायकल, पुन्हा पंधरा-सोळा मैल, पुन्हा बेचाळीस दारं. राग गेला नव्हता. कुणी विचारलं की तो अजून मुठी आवळून सांगायचा, आणि गवराबाई आतून म्हणायची, "आता पुरं, दूध नासंल."

त्याच थंडीत एका सकाळी तो शनिवार पेठेतल्या एका अरुंद बोळात यशोदाबाईंचं पातेलं भरत होता. सायकल भिंतीला, किटल्या दोन्ही बाजूंना, अर्धा बोळ अडलेला. मागून फटफटीचा आवाज आला आणि भोंगा वाजला. पुन्हा वाजला.

"ए दूधवाल्या, बाजूला घे ना ती सायकल! किती वेळ?"

चिमाजीनं वळून पाहिलं. लाल गाडी. वर दौलतरावांचे जावईबापू, चकचकीत बूट. मागे रंभा, पदर दातांत धरून, थंडीनं नाक लाल झालेलं. दोघांनीही त्याला ओळखलं नाही. ओळखायचं कारणच नव्हतं, त्यांना कुणी कधी काही सांगितलंच नव्हतं.

"ऐकू येत नाही का?" जावईबापू पुन्हा खेकसले.

चिमाजीला ऐकू येत होतं. त्यानं माप पुरं ओतलं, झाकण लावलं आणि मग सायकल बाजूला घेतली. तेवढा वेळ इंजिन चालू होतं, क्लच दाबलेला होता, आणि गाडी जागची तसूभरही हलली नव्हती.